फिटच्या वहीत रागाचीही नोंद हवी

गेल्या अंकात अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, गोळ्या वेळेवर का घ्याव्यात, याविषयी लिहिले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांत फिटविषयी थोडे आणि मुलांच्या वागण्याविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. राग, चिडचिड, अभ्यासातले मागे पडणे, गप्प राहणे, घरच्यांना वाटणारी भीती. मी मुलांच्या मनोविकारांची डॉक्टर आहे, तरीही सुरुवातीच्या काही वर्षांत अपस्माराचे मूल समोर आले की मी पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच विचारत असे, तो म्हणजे महिन्यात किती फिट आल्या. एकही नाही असे उत्तर आले की समाधानाने पुढचा पेशंट बोलावत असे. एखादी आई दारापाशी थबकायची, काही सांगावे की न सांगावे अशा विचारात क्षणभर उभी राहायची आणि निघून जायची. तिला थांबवून विचारायला हवे होते, हे मला उशिरा उमगले. म्हणून या वेळची उत्तरे थोडी लांबली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही पूर्व भागात राहतो. मालक यंत्रमागावर कामाला आहेत आणि मी घरी विड्या वळते. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला सहाव्या वर्षापासून फिट येतात. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी औषध बदलून लेव्हेटिरॅसिटॅम सुरू केले आणि तेव्हापासून एकही फिट आली नाही. पण मुलगा पार बदलला आहे. जेवणाचे ताट फेकतो, धाकट्या बहिणीला चावतो, शेजारच्या मुलांवर धावून जातो आणि अर्ध्या तासाने माझ्या मांडीवर डोके ठेवून रडतो. सासूबाई म्हणतात लाडाने बिघडला. मालक त्याला मारतात. मी औषध बंद करून पाहू का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती. औषध स्वतःहून बंद करू नका, एका दिवसासाठीही नको. अपस्माराचे औषध एकदम तोडले तर फिट नुसती परत येत नाही, ती लागोपाठ येऊन मुलाला मध्ये शुद्धच येत नाही अशी वेळ ओढवू शकते आणि ती जिवावर बेतते. मात्र पुढच्या तारखेपर्यंत वाटही पाहू नका. याच आठवड्यात औषध देणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि मला पत्रात जे लिहिले तेच शब्द त्यांना सांगा. ताट फेकणे, चावणे आणि नंतरचे रडणे, यांतले काहीही गाळू नका.

तुमचा संशय निराधार नाही. लेव्हेटिरॅसिटॅम हे चांगले औषध आहे, अनेक मुलांच्या फिट त्याने थांबतात आणि बहुतेकांना ते सोसतेही, परंतु काही मुलांमध्ये त्याने चिडचिड, आक्रमकपणा आणि रडवेलेपणा येतो, हे जगभरातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. जुन्या, स्वस्त आणि आजही पुष्कळ दिल्या जाणाऱ्या फेनोबार्बिटोनने, ज्याला लोक गार्डेनल म्हणून ओळखतात, काही मुले अतिचंचल होतात. क्लोबाझॅमनेही काहींचा स्वभाव बदलतो. तेव्हा औषध सुरू झाले ती तारीख आणि वागणे बदलले ती तारीख एकमेकांजवळ असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्यावर ते मात्रा कमी करतील, हळूहळू दुसऱ्या औषधावर नेतील किंवा काही दिवस निरीक्षण करू म्हणतील. काही डॉक्टर सोबत ब-६ जीवनसत्त्व देऊन पाहतात. त्याचा पुरावा अजून भक्कम नाही, पण काही मुलांना त्याने बरे वाटल्याचे दिसते. हे सारे निर्णय त्यांचे आहेत. तुमचे काम त्यांच्यापर्यंत खरी माहिती पोहोचवण्याचे आहे.

आता सासूबाईंच्या बोलण्याविषयी. त्यांचे म्हणणे समजू शकते, कारण दुसऱ्या कारणाची कल्पना नसली की माणूस लाडालाच दोष देतो. परंतु अपस्मार आणि वागण्यातल्या अडचणी एकाच मेंदूतून येतात. इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट या बेटावरच्या शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बेटावरच्या सर्वसाधारण मुलांपैकी शंभरात सुमारे ७ जणांना भावनिक किंवा वर्तनाच्या अडचणी होत्या. दमा, मधुमेह यांसारखे मेंदूशी संबंध नसलेले दीर्घकाळचे आजार असलेल्या मुलांत हे प्रमाण शंभरात सुमारे १२ होते आणि मेंदूत दुसरा कोणताही दोष नसलेल्या, फक्त अपस्मार असलेल्या मुलांत ते शंभरात सुमारे २९ निघाले. आजाराचा ताण तर दम्याच्या मुलालाही असतो. मग अपस्माराच्या मुलांत हा आकडा दुपटीहून अधिक का, याचे उत्तर मेंदूच्या कामकाजातच शोधावे लागते. काही मुलांमध्ये तर पहिली फिट ओळखली जाण्याच्या आधीच्या महिन्यांतही वागण्यातल्या अडचणी दिसलेल्या असतात. आईच्या मायेने एवढे होत नाही, असे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

तरीही सगळा दोष औषधावर ढकलून मोकळे होता येत नाही, आणि इथे तुमची मदत हवी. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने शाळेच्या जुन्या डायरीत मुलाच्या फिट लाल पेनने नोंदवल्या होत्या. तारखेवर एक गोल, शेजारी वेळ, बस. मी तिला त्याच वहीत हिरव्या पेनने रागाचे प्रसंग लिहायला सांगितले. दोन महिन्यांनी वही उघडली तेव्हा दिसले की हिरव्या खुणा महिनाभर विखुरलेल्या नव्हत्या. लाल गोलाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आदल्या दिवशी त्या गर्दी करत होत्या. फिट येण्याच्या आधी काही तास, क्वचित एक-दोन दिवस, मूल चिडके आणि अस्वस्थ होते. फिटनंतरही ते गोंधळलेले असते, गुंगीत असते, आणि कोणी धरायला गेले तर हात झिडकारते. त्या आईला मूल उगाचच चिडते असे वाटायचे ते थांबले, आणि औषधाच्या मात्रेचा निर्णय घ्यायला डॉक्टरांनाही आधार मिळाला. तुमच्या मुलाला तीन महिन्यांत फिट आलेली नाही, त्यामुळे तुमच्या वहीत चित्र वेगळे दिसेल. कदाचित गोळीनंतरच्या दोन तासांत राग जास्त असेल, कदाचित शाळेतून आल्यावर, कदाचित रात्री नीट झोप न झालेल्या सकाळी. तुम्ही नोंद ठेवा. झोपेत येणारी छोटी फिट घरच्यांच्या लक्षात येतेच असे नाही. म्हणून सकाळी अंथरूण ओले होते का, जिभेला चावल्याची खूण होती का, उशीवर लाळ होती का, एवढेही लिहा.

मालकांनाही हे उत्तर वाचून दाखवा. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभे राहून घरी आलेल्या माणसाला फेकलेले ताट दिसले की हात उठतो, हे मी समजू शकते. पण ज्या मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला आहे, त्याला मारल्याने तो ताबा परत येत नाही, उलट भीतीची भर पडते. राग चढलेला असताना प्रश्न विचारू नयेत, समजावू नये, उपदेश करू नये. धाकटीला बाजूला न्यावे, हाताशी असलेली जड वस्तू उचलून ठेवावी, एकाच माणसाने थोड्या अंतरावर शांत बसावे आणि मोजके बोलावे. तो मांडीवर येऊन रडतो तेव्हा त्याला जवळ घ्या. सांडलेले मात्र त्याच्याकडूनच पुसून घ्या, न रागावता, तुम्हीही सोबत फडके घेऊन. चूक झाली तर ती निस्तरायची असते, हे त्याला कळले पाहिजे, आणि आपण वाईट मुलगा आहोत असे मात्र त्याला वाटता कामा नये.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. चौथीच्या वर्गात एक मुलगा अपस्मारावर गोळ्या घेतो. तो दंगा करत नाही, पण कशातच लक्ष देत नाही. त्याच वर्गात एक मुलगी आहे, तिला कोणताही आजार असल्याचे पालक सांगत नाहीत, परंतु ती शिकवताना मध्येच शून्यात पाहत राहते. हाक मारली तरी क्षणभर उत्तर देत नाही. दोघांनाही मी पुष्कळदा रागावलो आहे आणि आता मनात शंका येते.
— एक शिक्षक

उत्तर : सर, आपल्या मनात शंका आली, हेच त्या मुलीचे नशीब म्हणायला हवे. तिच्यापासून सुरुवात करते. तिची श्रुतलेखनाची वही काढून पाहा. वाक्याच्या मधलेच दोन-तीन शब्द गायब आहेत आणि त्याच्या पुढचे पुन्हा बरोबर आहेत, असे वारंवार दिसते का? एखाद्या अक्षरापाशी पेन्सिलीची रेघ खाली ओघळली आहे का? ज्या मुलीला लिहायचा कंटाळा येतो ती शेवटचे शब्द सोडते, मधले सोडत नाही. अपस्माराचा एक प्रकार असा असतो की त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, फक्त काही सेकंद त्याची जाणीव बंद होते. डोळे स्थिर होतात, पापण्या किंचित फडफडतात आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने ते पुन्हा कामाला लागते. हे दिवसात कित्येक वेळा होऊ शकते. स्वप्नात रमलेले मूल खांद्याला हात लावला की भानावर येते, या झटक्यातले मूल हात लावूनही येत नाही. हा फरक आपण वर्गात पाहू शकता. तपासणीत डॉक्टर बहुधा मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास सोडायला लावतात, लहान मुलांच्या हातात त्यासाठी कागदी भिरभिरे देतात. फुंकता फुंकता मूल मध्येच थांबले की निदानाचा मोठा भाग तिथेच होतो. मेंदूच्या विद्युत आलेखाने, म्हणजे ईईजीने, ते पक्के करता येते. यावर चांगली औषधे आहेत. पालकांना बोलावून तिची वही दाखवा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा या मुलीचे नाव आवर्जून सांगा. २०१३ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात फिटचे आजारही तपासले जातात.

आता मुलाविषयी. अवधानाची अडचण, म्हणजे एका गोष्टीवर मन टिकवता न येणे, हा अपस्माराच्या मुलांत सर्वांत जास्त आढळणारा सोबती आहे. फरक इतकाच की या मुलांत दंगामस्तीपेक्षा लक्ष उडणे अधिक असते, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाहीत. बाकावर शांत बसतात आणि मागे पडत जातात. औषधाची गुंगी, रात्रीची मोडलेली झोप, वर्गात फिट येईल ही धास्ती, अशी कारणे त्यात मिसळतात. त्याला पहिल्या बाकावर बसवा, खिडकीपासून दूर. सूचना एकेक करून द्या. दहा गणितांऐवजी पाच द्या, पण पाच पूर्ण करून घ्या. त्याचे सकाळचे आणि दुपारचे लक्ष यांत फरक आहे का, ते एका कागदावर लिहून पालकांमार्फत डॉक्टरांकडे पाठवा. फिट आटोक्यात असताना अवधानासाठीचे औषधही देता येते. त्यामुळे फिट वाढतील या भीतीने कित्येक मुले वर्षानुवर्षे उपचाराविना राहतात, हे मला फार खटकते. लिहिण्या-वाचण्याची अडचण वेगळीच असेल तर तिची स्वतंत्र तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात.

आपण रागावलात ते मनाला लावून घेऊ नका. मात्र दोघांनाही एकेकटे बोलावून, "मला माहीत नव्हते" एवढे एकदा सांगा. शिक्षकाच्या तोंडचे हे वाक्य मुले जन्मभर लक्षात ठेवतात.

प्रश्न : माझ्या नातवाला फिट येते. पहिल्यांदा आली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी चप्पल हुंगवली आणि तोंडात चमचा घातला, तर दात तुटला. आता आम्ही त्याला कशालाच नाही म्हणत नाही. रडवला तर फिट येईल, ही भीती वाटते. मागेल तेव्हा मोबाइल देतो. आता तो माझ्यावरच हात उगारतो.
— एक आजी, दक्षिण सोलापूर

उत्तर : आजी, तुमच्या चार ओळींत मला पुष्कळ घरे दिसली. चप्पल, कांदा, किल्ली यांतल्या कशानेही फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि तेवढ्यात लोकांनी जे काही धरलेले असते त्याला श्रेय मिळते. फिट आली की मुलाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर ताबडतोब दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तुमच्या दुसऱ्या भीतीवर मात्र थोडे अधिक बोलायला हवे. झोप मोडली, गोळी चुकली, ताप आला तर फिटची शक्यता वाढते, हे खरे आहे. खूप दिवसांचा ताणही काहींना सोसत नाही. पण मोबाइल काढून घेतला म्हणून मूल रडले आणि त्यातून फिट आली, असे सहसा होत नाही. ज्या घरात "नाही" हा शब्दच बंद होतो, तिथे मुलाला दोन गोष्टी कळतात. एक, आपल्या आजाराला सगळे घाबरतात. दोन, त्या भीतीवर आपले राज्य चालते. पहिली गोष्ट त्याला आतून घाबरवते आणि दुसरी त्याला उर्मट करते. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हाती घराचा कारभार गेला तर त्याला त्यात सुख लागत नाही, आजी. कोणीतरी आपल्याला थांबवावे, असे त्याला मनातून वाटत असते.

घरातल्या सगळ्यांनी बसून तीनच नियम ठरवा. तीनाचे तेरा करू नका. मोबाइल किती वेळ, झोप किती वाजता, आणि कोणावरही हात उगारायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस तो आधीपेक्षा जास्त आकांडतांडव करेल, कारण आजवर त्यानेच काम झाले आहे. त्या दिवसांत कोणी एकाने जरी माघार घेतली तरी सगळे मुसळ केरात. बहुतेक घरांत ते कोणी एक म्हणजे आजीच असते, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ऑगस्टमध्ये शाळेत ध्वजवंदनाच्या वेळी तिला फिट आली आणि सर्वांसमोर गणवेश ओला झाला. त्यानंतर ती शाळेत जाईना. पूर्वी सारखी बडबड करणारी मुलगी आता खोलीत दिवा न लावता बसते. परवा म्हणाली, "बाबा, या गोळ्या घेऊन तरी काय होणार आहे?" नातेवाईक म्हणतात बाहेर कळू देऊ नका, लग्नाला अडचण येईल. मी काय करावे?
— एक वडील, बार्शी

उत्तर : तुमच्या मुलीच्या त्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. ते गोळ्यांविषयी असू शकते, आणि जगण्याविषयीही असू शकते. दोन्हींतला फरक कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे तिला विचारणे. आज रात्री तिच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा की, "तुला मरून जावे असे कधी वाटते का?" विचारल्याने हा विचार मनात रुजतो, असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. विचारल्याने मुलीला कळते की हे बोलता येण्यासारखे आहे, आणि बाबांशी बोलता येण्यासारखे आहे. ती "हो" म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवून दर वेळी हातावर एकेक द्या, आणि दुसऱ्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलायची गरज भासली तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. ती "नाही" म्हणाली तरी उपचार टाळू नका, कारण तुम्ही वर्णन केले आहे ते नैराश्यच दिसते. अपस्माराच्या किशोरवयीन मुलांत ते पुष्कळ आढळते, आणि फिट आहे म्हणून नैराश्याची औषधे देता येत नाहीत, हा समज खरा नाही. योग्य औषध योग्य मात्रेत देता येते, आणि समुपदेशनाला तर काहीच अडचण नाही. अपस्माराच्या औषधांमुळे काही थोड्या जणांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये दिली होती. म्हणून तिची सध्याची गोळी कोणती आणि ती कधी सुरू झाली, हे डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र चालू ठेवा. एक गोष्ट आणखी विचारा. तिला व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर ते वजन वाढवते, केस गळवते आणि पुढे गर्भारपणात बाळाला अपाय करू शकते. मुलींसाठी दुसरे औषध चालण्यासारखे असेल तर त्याचा विचार या वयातच व्हायला हवा. पंधरा वर्षांची मुलगी आरशात पाहून गोळी टाकून देते, आणि घरच्यांना वाटते की ती विसरली.

शाळेविषयी. तिला सर्वांत जास्त जाळत असेल ते फिटचे दुःख नसेल, गणवेशाचे असेल. तो विषय घरात कोणी काढत नाही, म्हणून ती एकटीच तो उगाळत बसते. आईने तिला सांगावे की फिटमध्ये लघवीवरचा ताबा जातो, तो मोठ्या माणसांचाही जातो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग तिच्या एका विश्वासू मैत्रिणीला घरी बोलवा. वर्गात परतण्याचा रस्ता बहुधा अशा एका मैत्रिणीतून जातो. पहिल्या आठवड्यात दोनच तास जाऊ दे. दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवा. वर्गशिक्षिकेला फिट आल्यावर काय करायचे हे आधी समजावून सांगा, आणि वर्गाला काय सांगायचे, कोणी सांगायचे, हे मुलीला ठरवू द्या.

राहिला लग्नाचा मुद्दा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि त्यात लग्नाच्या अटींमध्ये वेडेपणाच्या शेजारी अपस्माराचा उल्लेख होता. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. कायद्याने जी गोष्ट पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी सोडून दिली, ती नातेवाईकांनी अजून धरून ठेवली आहे. योग्य उपचार मिळाले तर अपस्माराच्या शंभरातल्या सुमारे सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय, लपवण्याचा सर्वांत मोठा तोटा तिलाच होतो. "कोणाला कळू देऊ नका" हे वाक्य दाराआडून ऐकणारी मुलगी त्याचा अर्थ एवढाच काढते की माझ्यात काहीतरी असे आहे, ज्याची माझ्या वडिलांना लाज वाटते. तुम्हाला तशी लाज वाटत नाही, हे तुमच्या पत्रावरून मला दिसले. तिलाही ते दिसू द्या.

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. धाकट्या भावाला अपस्मार आहे. घरात सगळे त्याच्याभोवती फिरते. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही त्याला फिट आली आणि पेढे आणायचे राहून गेले. मला त्याचा राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुझ्या पत्राची मी वाट पाहत होते, कारण भावंडे सहसा लिहीत नाहीत. तुला येणारा राग भावावरचा नाही, तुझ्या वाट्याला न आलेल्या दिवसाचा तो राग आहे, आणि तो रास्त आहे. त्यामुळे तुझे भावावरचे प्रेम कमी ठरत नाही. आई-बाबांना हे पत्र वाचायला दे. त्यांना सांग की आठवड्यातला एक तास, दोघांपैकी एकाबरोबर, फक्त माझा असावा, आणि त्या तासात भावाचा विषय निघू नये. सात रस्ता चौकापर्यंत चालत जाऊन येण्याइतकाही चालेल. फिटच्या वेळी काय करायचे ते तू शिकून घे, पण त्याची दुसरी आई होऊ नकोस. आणि पेढे अजूनही आणता येतील, तसे त्यांना माझ्याकडून सांग.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. दीड वर्षात फिट आलेली नाही. गेल्या जानेवारीत त्याला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेला नेले नाही, तर त्याने तीन दिवस कोणाशी बोलणे टाकले आणि दप्तर फाडले. या वर्षी बाराबंदीचा पोशाख घालून माझ्याबरोबर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचे म्हणतो. शोभेचे दारूकामही बघायचे आहे. न्यावे की नाही?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : न्या. दीड वर्ष फिट नसलेल्या मुलाला सिद्धेश्वरांच्या यात्रेपासून दूर ठेवायचे म्हणजे वर्षातून एकदा त्याला तो आजारी असल्याची आठवण करून द्यायची. त्याने दप्तर फाडले ते चूकच, पण त्यामागे काय होते ते तुम्हाला कळले आहे, म्हणूनच तर तुम्ही विचारता आहात. लुकलुकत्या उजेडाने फिट येणारे रुग्ण शंभरात तीनच्या आसपास असतात. तुमच्या मुलाच्या ईईजीत तसे आढळले होते का, एवढे डॉक्टरांना विचारून घ्या. आढळले नसेल तर दारूकाम बघू द्या. आढळले असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की उजेड सोसवेनासा झाला की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, नुसते डोळे मिटून भागत नाही.

खरी काळजी झोपेची आणि गोळीची घ्या. आदल्या रात्री जागरण नको, दुपारी तासभर झोपवा, उपाशी चालू देऊ नका, पाण्याची बाटली सोबत असू द्या. मिरवणुकीतली अडुसष्ट लिंगांची सगळी वाट पायी करायची की अक्षता सोहळ्यापुरतेच जायचे, हे त्यालाच ठरवू द्या, मात्र थकलो असे म्हणायची मुभा त्याला आधीच द्या. रात्रीची गोळी खिशात ठेवा आणि मोबाइलमध्ये तिच्या वेळेचा गजर लावा, कारण यात्रेच्या गर्दीत वेळ कळत नाही. गजर वाजला की गोळी त्यालाच काढून घेऊ द्या. अकरा वर्षांच्या मुलाला तेवढे जमते.